बर्फ खालून वाढतो

इर्मेली, तुझी खुर्ची मी तीन हिवाळे उबवली.
हे आधी सांगून टाकतो,
म्हणजे पुढचं बोलणं सोपं जाईल.

औलूच्या कचेरीतून पत्र यायचं नोव्हेंबरात,
पातळ, खिडकीच्या पाकिटातलं,
आणि दर वेळी त्यात दुसऱ्याचंच नाव.
आधी ओल्लिलाचं, कारण त्याला पदवी होती.
मग माझं, कारण मला संगणक यायचा,
आणि विभागप्रमुख माझ्या मामाबरोबर मासे धरायला जायचा.
तू पत्राची घडी कोटाच्या खिशात सरकवायचीस,
गिरमिट खांद्यावर घ्यायचीस
आणि आखातावर निघायचीस.

शंभर पावलांवर एक भोक.
पट्टी आत सोडायची, तिची आकडी बर्फाच्या तळाला अडकली
की वाचायचं: एकोणीस. बावीस. परत एकोणीस.
चौकटीची वही. पेन्सिलच, कारण शाई गोठते.
अकरा वर्षं.
बेटावरची पोरं तुला भोकंवाली म्हणायची
आणि तू हसायचीस.
मला ती तेव्हा लाचारी वाटायची.

एकदा न राहवून विचारलं,
तुला राग नाही येत?
तू भोकात वाकून बघत होतीस.
"येतो की. मागचं पत्र आलं त्या दिवशी
सव्वीस भोकं जास्त पाडली.
तेव्हाच तर कळलं,
खडकाच्या पश्चिमेला प्रवाह वळतो."
मग पट्टी बाहीला पुसत म्हणालीस,
"वर पडतं ते हिम. ते गोधडीसारखं,
थंडी आत जाऊच देत नाही.
बर्फ वाढतो तो खालून, यार्क्को,
अंधारात, पाण्याला लागून."
मला वाटलं, तू स्वतःबद्दल बोलतेयस.
तू बर्फाबद्दलच बोलत होतीस.

माझ्या तिसऱ्या हिवाळ्यात दुधाची गाडी
पुढच्या चाकांनी आत गेली.
माणूस वाचला.
त्या सकाळी मी तुझी वही उघडली नव्हती,
पडदा बघितला होता, आणि पडद्यावर सगळं हिरवं होतं.
मी राजीनामा दिला.
खिडकीच्या पाकिटात या वेळी तुझं नाव आलं,
कारण दुसऱ्या कुणी अर्जच केला नव्हता.

मग तो मार्चमधला शुक्रवार.
उणे नऊ, लख्ख ऊन,
नियमाला पुरून उरतील एवढे सेंटिमीटर.
मासळीच्या गाड्या रांगेत. बेटावर लग्न,
नवरदेव पलीकडच्या काठावर.
तू खडकाच्या पश्चिमेला एकच भोक पाडलंस,
हातमोजा काढून बोटं पाण्यात धरलीस,
बराच वेळ,
आणि परत येऊन फळी आडवी केलीस.

नगराध्यक्षांचा फोन आला.
मासळीवाल्यांच्या शिव्या आल्या.
नवरीच्या आईचा फोन, म्हणजे तुझ्या सख्ख्या बहिणीचा,
दोनदा.
सगळ्यांना तोच सूर, तेच दोन शब्द:
आज नाही.
फेरीबोटीने दोन तास लागतात, लागू देत.
मी असतो तर उघडला असता रस्ता.
पहिल्या फोनला नाही. चौथ्या.

त्या रात्री बर्फ तुटला का?
मी कितीजणांना विचारलं.
रस्त्यावर कुणी नव्हतंच,
तर ऐकणार कोण.

आता बेटावर म्हणतात,
तेवढी वर्षं तुझी तयारीच चालली होती.
असं म्हणणं आमच्या सोयीचं आहे,
तुझ्या तोंडाला पानं पुसणाऱ्यांच्या.
मी नाही म्हणणार.
अकरा वर्षं ही अकरा वर्षंच असतात,
त्यांत गुडघे जातात.
तू फक्त त्यांतला एकही दिवस
न मोजता सोडला नाहीस.

सोमवारी मी फेरीबोटीच्या कठड्याशी उभा होतो.
कचेरीत तुझी खुर्ची रिकामीच असणार,
कारण तू लांबवर आखातावर होतीस, वाकलेली,
शेजारी एक नवी पोरगी गिरमिटाशी झटत होती.
तू तिच्या हातून ते घेतलं नाहीस.
पेन्सिल दातांत धरून
नुसती थांबलीस.